विषय: फेनवेची तिकिटं आणि मावशींची कालची मेल

प्रेषक: बंडू (क्रीडा समिती)

मंडळी,
फेनवेला, म्हणजे बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या स्टेडियमवर, मंडळाची मॅचची ट्रिप आहे. गटाच्या तिकिटांचा पक्का आकडा शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचा आहे. मावशींची कालची मेल आल्यावर काही घरांनी मला परस्पर फोन करून नावं काढून घेतली. नावं काढायला ना नाही, पण कारण इथे सगळ्यांसमोर लिहा, म्हणजे काही ठरवता येईल. अडचण एकच आहे. ब्लीचर्समध्ये (मैदानाच्या टोकाच्या उघड्या जागा) सगळ्यांना एकत्र बसता येतं, ग्रँडस्टँडमध्ये (छताखालच्या जागा) गट दोन ठिकाणी फुटतो. यंदा शनिवारच्या शाळेची मुलं बरीच आहेत, म्हणून मला एकत्र जागा हव्या आहेत. मावशी म्हणतात ब्लीचर्स नकोतच.

प्रेषक: मावशी (फ्रेमिंगहॅम)

बंडू, मुलांना घेऊन नकोत, असं लिहिलं होतं मी. नीट वाच.
ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमचा धाकटा मित्रांबरोबर मॅच बघून परत येत होता. अंगात रेड सॉक्सची जर्सी, डोक्यावर टोपी. फेनवेजवळच्या केनमोर स्टेशनवर ट्रेनमध्ये चढताना एकाने ती टोपी उचलून खाली टाकली, "ही तुमची टीम नाही" म्हणाला आणि पुढे जे म्हणाला ते मी इथे लिहिणार नाही. डबा खच्चून भरलेला. कोणीही ब्र काढला नाही. शेवटी एका बाईने टोपी उचलून त्याच्या हातात दिली, तीही खाली मान घालून. घरी आल्यावर त्याने मला काही सांगितलं नाही. मित्राच्या आईकडून कळलं. ती टोपी अजून कपाटात वर पडली आहे, तो घालत नाही.
या शहराचं नाव ज्या कारणाने वाईट झालंय ते कारण खोटं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रेषक: अण्णा

मावशी, वाचून फार वाईट वाटलं. पण एका टग्यावरून अख्ख्या शहरावर शिक्का मारू नये.
१९८७ साली आम्ही न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत होतो. 'डॉटबस्टर्स' (डॉट म्हणजे बायकांच्या कपाळावरचं कुंकू) म्हणवणाऱ्यांनी भारतीयांना इथून हाकलून लावू असं वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर केलं होतं. शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तरुणाला इतकं मारलं की तो गेला. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका त्या दिवसांत कपाळावरचं कुंकू पुसून भाजी आणायला जात. कोणी सोबत असेल तरच बाहेर, एकटी नाही, असं चाललं होतं. आज जर्सी सिटीला वंशभेदी कोण म्हणतं? मग बॉस्टनच्याच नशिबी हे का? मे २०१७ मध्ये बाल्टिमोरच्या ॲडम जोन्स या काळ्या खेळाडूला फेनवेत वंशावरून शिव्या दिल्या, शेंगदाण्यांची पिशवी फेकली, हे सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या दिवशी तो बॅटिंगला आला तेव्हा त्याच फेनवेत लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, ते मात्र कोणी सांगत नाही.
जागा ब्लीचर्सच्याच घ्याव्यात.

प्रेषक: चिऊ

अण्णा, त्या टाळ्या वाजल्या त्याच दिवशी स्टँडमधल्या एका प्रेक्षकाने राष्ट्रगीत गाणाऱ्या केनियन बाईंबद्दल वंशावरून घाणेरडा शब्द वापरला आणि क्लबने त्याला कायमची बंदी घातली. २०२० मध्ये तर क्लबनेच निवेदन काढून मान्य केलं की आदल्या एका वर्षात फेनवेत अशा सात घटनांची नोंद झाली होती. म्हणजे एका टग्याची गोष्ट नाही.
आणि हे मुळापासूनचं आहे. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला फेनवेत चाचणीसाठी बोलावलं आणि नंतर विचारलंसुद्धा नाही. रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळला. रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू, पम्प्सी ग्रीन, उतरवला १९५९ मध्ये, मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगच्या, सगळ्या संघांत शेवटी. तेव्हाच्या मालकांच्या नावाचा रस्ता स्टेडियमसमोर होता, तो बदलून पुन्हा जर्सी स्ट्रीट झाला २०१८ मध्ये.

प्रेषक: नाना (बेलमॉन्ट)

फेनवेची ट्रिप मी आणि डॉक्टरांनी सुरू केली, तेव्हा यातले निम्मे लोक मंडळात नव्हते. इतकी वर्षं ब्लीचर्सलाच बसलो. तेव्हा तिकिटांबद्दल माझं मत विचारलं असतंत तर बरं झालं असतं. असो.
मी ऑगस्ट १९७४ मध्ये इथे उतरलो आणि डॉर्चेस्टरला खोली घेतली. जून महिन्यात जज गॅरिटींनी निकाल दिला होता की बॉस्टनच्या स्कूल कमिटीने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या. १२ सप्टेंबरला शाळा उघडल्या. शाळा मिसळायच्या कोर्टाच्या हुकमाप्रमाणे रॉक्सबरी या काळ्या वस्तीतली मुलं बसमधून गोऱ्यांच्या वस्तीतल्या साउथ बॉस्टन हायस्कूलला गेली, तर लोकांनी बसवर दगड मारले. पुढे कित्येक आठवडे सकाळी पिवळ्या बसच्या मागेपुढे पोलिसांच्या मोटरसायकली दिसायच्या. खिडक्यांतून मुलांची डोकी दिसत नसत, ती सीटखाली वाकून बसलेली. माझ्या डोळ्यांसमोरून त्या बस गेल्या आहेत, त्यामुळे शहराला उगाच बदनाम केलं असं मला कोणी सांगू नये. १९७६ मध्ये सिटी हॉलसमोर टेड लँड्समार्क या काळ्या वकिलावर झेंड्याची काठी उगारली, तो फोटो जगभर गेला, त्याला पुलित्झर मिळालं. तो माणूस बिचारा मीटिंगला चालला होता.
पण आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साउथ बॉस्टनचे ते गोरेही गरीबच होते. गॅरिटी स्वतः राहायचे वेलस्ली या श्रीमंत उपनगरात, आणि त्यांचा हुकूम वेलस्लीला लागू नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उपनगरांना अशा योजनेबाहेर ठेवलं होतं. गरिबांची पोरं एकमेकांच्या अंगावर घातली आणि पैसेवाले लांबून बघत बसले. लोकांना दगड आठवतात, हे आठवत नाही.

प्रेषक: चिऊ

नाना, तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे, कारण ती उपनगरं म्हणजे आज आपणच आहोत.
नवीन कोणी आलं की याच लिस्टवर विचारतं, घर कुठे घेऊ? उत्तरं ठरलेली: लेक्सिंग्टन, ॲक्टन, वेस्टबरो. आणि मग हळूच, मॅटापॅनच्या बाजूला बघू नका. का ते कोणी लिहीत नाही, पण ती काळ्या लोकांची वस्ती आहे हे वाचणाऱ्याला कळतं. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा २०१५ चा अहवाल वाचा. या महानगरात गोऱ्या कुटुंबाची मध्यक (निम्मी कुटुंबं त्याच्या वर, निम्मी खाली) निव्वळ संपत्ती २,४७,५०० डॉलर. अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या कुटुंबाची ८ डॉलर. आठ हजार नव्हे, आठ. इथली संपत्ती म्हणजे मुख्यतः घर, आणि घर कोणाला कुठे घेऊ दिलं याचा इतिहास त्या आकड्यात आहे. शिव्या देणाऱ्याला स्टेडियमबाहेर काढता येतं. याला कुठून बाहेर काढणार?
माझ्या मुलीच्या वर्गात मेटकोची एक मुलगी आहे. ही योजना १९६६ पासून चालू आहे, बॉस्टनची मुलं बसने आपल्या गावांच्या शाळांत येतात. ती पोर अंधारात उठते आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकते. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिला यायचं होतं, पण शनिवारी बस नसते आणि तिच्या आईची शनिवारी ड्युटी. मी आणायला जाते म्हटलं, तर दोन घरांनी मला विचारलं, "तिकडे एकटी जाणार?" दोन्ही घरं या लिस्टवर आहेत. मी गेले. छान गल्ली आहे, दारात गुलाब लावलेत.

प्रेषक: अण्णा

शाळा बघून घर घेणं हा वंशभेद नव्हे. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो होतो, आम्हाला कोणी काही फुकट दिलं नाही. मुलांसाठी चांगलं बघितलं, सगळेच बघतात. आता त्यावरूनही आम्ही गुन्हेगार?

प्रेषक: डॉक्टरकाका

अण्णा, तुम्हाला गुन्हेगार कोणी म्हटलेलं नाही, चिऊची मेल शांतपणे परत वाचा.
ऑक्टोबर १९८९ मध्ये मी रेसिडेन्सी करत होतो आणि मिशन हिलला राहत होतो. चार्ल्स स्टुअर्टने आपल्या गरोदर बायकोला गोळी घातली आणि सांगितलं, एका काळ्या माणसाने मारलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. आमच्या रस्त्यावर काळ्या पोरांना भिंतीला लावून कपडे उतरवून झडत्या चालल्या होत्या. मी रात्री ड्युटीवरून येताना हॉस्पिटलचं ओळखपत्र कोटाच्या बाहेर काढून चालायचो, गळ्यात, दिव्याखाली दिसेल असं. मला ते कार्ड होतं. माझ्या मजल्यावर सफाई करणाऱ्या पोराला ते नव्हतं. जानेवारीत खरं बाहेर आलं आणि स्टुअर्टने टोबिन पुलावरून उडी टाकली. शहराने ज्यांना संशयित ठरवलं होतं त्यांची माफी महापौर मिशेल वू यांनी मागितली ती डिसेंबर २०२३ मध्ये. चौतीस वर्षांनी.
आशियाई वंशाच्या वू निवडून आल्या हेही याच शहराचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण आपल्याला हे शहर बरं वाटतं, कारण आपल्या गळ्यात कार्ड आहे. मावशींच्या मुलाच्या डोक्यावर फक्त टोपी होती.

प्रेषक: अण्णा

डॉक्टर, तुमचा मान राखून सांगतो, शाळेचा मुद्दा वेगळा आहे. त्यावर कार्यकारिणीत बोलू.

प्रेषक: बंडू (क्रीडा समिती)

मंडळी, वाचतोय सगळं, पण मला शुक्रवार गाठायचा आहे. असं करतोय: ग्रँडस्टँड घेतो, गट दोन ठिकाणी फुटला तरी चालेल. प्रत्येक गटाच्या दोन्ही टोकांना मोठी माणसं बसतील. कोणी काही बोललं तर मुलांनी उत्तर द्यायचं नाही, मोठ्यांनी लगेच अशरला (स्टेडियमच्या कर्मचाऱ्याला) सांगायचं, आणि आपल्यातला कोणीही गप्प बसणार नाही, मग समोर दुसऱ्या कोणाचंही मूल असो. परतीला ट्रेन सगळ्यांनी एकत्र पकडायची. नाना, एका गटाची जबाबदारी तुम्ही घ्याल का? चिऊ, त्या मेटकोच्या मुलीला यायचं असेल तर तिचं आणि आईचं तिकीट यात धर, आणायला गाडी मी काढतो.

प्रेषक: नाना (बेलमॉन्ट)

घेतो. रांगेच्या टोकाची जागा मला दे, गुडघा वाकत नाही.

प्रेषक: मावशी (फ्रेमिंगहॅम)

ग्रँडस्टँड असेल तर आमची दोन नावं परत घाल. धाकट्याला विचारलं, तो येणार नाही म्हणतोय, त्याच्यावर जबरदस्ती करणार नाही. मी आणि हे येतोय.