लोखंडाच्या अणूवरून काढलेले चुंबकन जवळपास तिप्पट का येते?

प्रश्न (भौतिकी_विद्यार्थी):
नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे आणि प्रकल्पासाठी शिरोलीच्या एका फाउंड्रीतून ओतीव लोखंडाचे तुकडे आणले आहेत. मोजणीला हात घालण्यापूर्वी शुद्ध लोखंडाचे संपृक्त चुंबकन (सर्व अणुचुंबक एकाच दिशेला वळल्यावर मिळणारे कमाल चुंबकन) निव्वळ अणूच्या माहितीवरून काढून पाहिले. घनता ७.८७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि अणुभार ५५.८५ धरल्यास एका घनमीटरात ८.४९ गुणिले १० चा २८ वा घात इतके अणू येतात. ३डी कक्षेतील सहा इलेक्ट्रॉनांना हुंडचे नियम (अणूतील इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये कसे भरतात ते सांगणारे) लावले की स्पिन (इलेक्ट्रॉनाचा अंगभूत चुंबकी गुण) एस २, कक्षीय गती एल २, दोन्हींची बेरीज जे ४ आणि त्यांना मोमेंटशी जोडणारा लांडे गुणक १.५ मिळतो, म्हणजे प्रत्येक अणूमागे जे गुणिले लांडे गुणक, अर्थात ६ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकी मोमेंटचे, म्हणजे चुंबकी ताकदीचे, एकक). यावरून चुंबकन सुमारे ५.९ टेस्ला निघते. पुस्तकात मात्र २.१५ टेस्ला दिले आहे. गफलत अणूंच्या संख्येत आहे की मोमेंटमध्ये? आणि याच वाटेने पुढे पर्मिएबिलिटीही (बाहेरच्या क्षेत्राने पदार्थ किती सहज चुंबकित होतो याचे माप) काढता येईल का?

उत्तर १ (रंकाळाकाठ):
संख्या बरोबर आहे. लोखंडाच्या घनाकार एककपेशीची बाजू ०.२८६६ नॅनोमीटर असून तिच्यात दोन अणू असतात. त्यावरूनही हाच आकडा येतो. अडचण मोमेंटची आहे. हुंडचे नियम सुट्या अणूसाठी आहेत. धातूत शेजारच्या अणूंचे ३डी इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळून त्यांच्या ऊर्जांचे पट्टे तयार होतात, आणि स्फटिकाच्या विद्युतक्षेत्रामुळे मोमेंटचा कक्षीय भाग जवळजवळ संपुष्टात येतो. तो वगळून केवळ स्पिन धरला तरी ४ बोर मॅग्नेटॉन उरतात, आणि तेही जास्तच आहेत, कारण वर आणि खाली स्पिनच्या पट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांचा फरक पूर्णांक असण्याचे बंधन धातूत राहत नाही. म्हणूनच लोखंडासाठी २.२२, कोबाल्टसाठी सुमारे १.७ आणि निकेलसाठी ०.६ असे अपूर्णांक मिळतात. आपल्या सूत्रात २.२२ घातल्यास २.२ टेस्ला येईल. ते मूल्य निरपेक्ष शून्याचे आहे. खोलीच्या तापमानाला ते किंचित घटून २.१५ होते.

आपली पद्धत खरी शोभते ती गॅडोलिनियमला. त्याचे ४एफ इलेक्ट्रॉन अणूच्या आत दडलेले असल्यामुळे हुंडच्या नियमांचे ७ आणि मोजलेले सुमारे ७.६ हे आकडे जवळ आहेत. ७ च्या वरचा जादा भाग धातूतून मोकळे फिरणाऱ्या वाहक इलेक्ट्रॉनांचा. मात्र त्याचे क्युरी तापमान (ज्याच्या वर लोखंडासारखे कायमचे चुंबकत्व, म्हणजे फेरोमॅग्नेटिझम, नाहीसे होते) सुमारे २० अंश सेल्सिअस आहे, तेव्हा कोल्हापूरच्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेला तुकडा फेरोमॅग्नेटिक राहणारच नाही!

उत्तर २ (भौतिकी_विद्यार्थी):
आभारी आहे, सर. परंतु २.२२ हा आकडा मोजमापातूनच घ्यायचा असेल, तर गणिताने सिद्ध काय झाले?

उत्तर ३ (रंकाळाकाठ):
शंका रास्त आहे. अणुक्रमांक आणि स्फटिकरचना एवढ्यावरच घनता-फलन सिद्धांताची (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढणारी) संगणकीय गणना केली तर लोखंडासाठी २.२ च्या आसपासचे मूल्य मिळते. म्हणजे अणूपासून धातूपर्यंत जाता येते, फक्त वाट एका सुट्या अणूवरून जात नाही.

उत्तर ४ (उद्यमनगरी):
पर्मिएबिलिटीचे मी सांगतो, कारण आमचा रोजचा संबंध ओतकामाशी आहे. ती अणूवरून निघणार नाही. चुंबकीय डोमेनच्या (एकाच दिशेला चुंबकित असलेल्या सूक्ष्म भागांच्या) भिंती किती सहज सरकतात यावर ती ठरते, आणि त्या भिंती अशुद्धी, कणांच्या सीमा व आतील ताण यांना अडखळतात. त्यामुळे लोखंडाची कमाल सापेक्ष पर्मिएबिलिटी शुद्धता व उष्णता-प्रक्रियेनुसार काही हजारांपासून लाखाच्या वर जाऊ शकते. अणू तेच, मोमेंट तेच. तुमच्या ओतीव लोखंडात तर ग्राफाइटच्या पापुद्र्या आहेत आणि त्या चुंबकाच्या दृष्टीने पोकळीच. तोच तुकडा ॲनीलिंग करून (तापवून सावकाश थंड करून) पर्लाइटचे (लोह आणि लोह-कार्बाइडच्या थरांचे) फेराइट (जवळजवळ शुद्ध लोह) झाले की पर्मिएबिलिटी वाढलेली दिसते. म्हणून आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजावे. त्यासाठी सळई घेऊ नये, कारण तिच्या टोकांवरील ध्रुव आतले क्षेत्र कमी करतात. लेथवर कडे कापून त्यावर दोन वेटोळी (एक चुंबकित करायला, दुसरे मोजायला) गुंडाळावीत, आणि कड्याची रुंदी व्यासाच्या मानाने लहान ठेवावी, म्हणजे क्षेत्र सर्वत्र साधारण सारखे राहते.