मदत हवी आहे : कोंबडीच्या तळव्याची गाठ बसते आणि पुन्हा वर येते

अंगणात मोजक्याच कोंबड्या आहेत. त्यातली सगळ्यात अंगाने भरलेली तांबडी उजवा पाय टेकवताना कचरते. तळव्याच्या मधल्या गादीवर काळी, कडक खपली आहे. भोवती लालसर सूज आहे आणि हात लावला तर गरम लागतं. बंबलफूट म्हणतात ते हेच, एवढं कळलंय.

कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पाय बुडवते. खपली मऊ झाली की पोव्हिडोन आयोडीन, मलम, गॉझ आणि वर चिकटपट्टी. सूज उतरते, बाई टुणटुणीत चालायला लागतात, मी पट्टी सोडते, आणि काही दिवसांत पुन्हा तीच खपली नि तीच सूज. खाणंपिणं ठीक आहे, तुरा लाल आहे. अंडी मध्यंतरी बंद झाली होती, आता अधूनमधून देते. बाकीच्यांचे पायही उलटून पाहिले. एकीच्या तळव्यावर छोटा तपकिरी ठिपका आहे, पण ती लंगडत नाही.

चीर देऊन पू काढावा का? बोटाला गाठ लागते, पण दाबल्यावर बाहेर काहीच येत नाही. पाण्यातून अँटिबायोटिक द्यावं का? ओळखीतल्या एकाने एन्रोफ्लॉक्सासिन सुचवलंय. आणि हे एकीचं दुसरीला लागतं का?

डॉक्टरांकडे गेले होते. कोंबडीसाठी एवढं कशाला, म्हणाले. म्हणून इथे विचारतेय.

जुनं_खुराडं :
आधी दाबणं बंद करा. पक्ष्यांचा पू माणसासारखा पातळ होत नाही. तो पातळ करणारी विकरं (एन्झाइम) त्यांच्या पांढऱ्या पेशींत फारशी नसतात, त्यामुळे तो घट्ट, पिवळट गुठळी होऊन आत बसतो. दाबलं की बाहेर येण्याऐवजी संसर्ग आणखी खोल जातो, आणि तिथून स्नायुबंध नि हाड लांब नाही. तुमचे उपचार चुकीचे नाहीत, पण ते कातडीवर चाललेत. गुठळी जागेवर आहे तोवर हे असंच चालणार.

पाय पंधराएक मिनिटं बुडवा, मग खपलीची कड चिमट्याने हलकेच उचलून बघा. नशीब असेल तर खपलीला चिकटून गुठळीच उपटून येते, खाली खड्डा दिसतो. तो सलाइनने धुवा, पातळ केलेलं आयोडीन लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, भरून येणारं कोवळं मांसही त्याने जळतं. मलमात सुन्न करणारं औषध नाही ना, हे नळीवर वाचून घ्या.

तुरेवाली :
मी तर सरळ ब्लेडने उघडते. गरम पाण्यात उकळलेलं ब्लेड, वरून चीर, गुठळी बाहेर, विषय संपला. माझ्या कोंबड्या बऱ्या झाल्यात.

जुनं_खुराडं :
@तुरेवाली, बऱ्या झाल्या हे छानच. पण त्या गादीखालूनच बोटं मिटवणारे स्नायुबंध जातात आणि पाय रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. हाताला सवय नसलेल्याने, कोंबडीला सुन्न न करता चीर द्यावी, असं मी तरी सांगणार नाही. जिवंत जनावराला दुखतं, ते ओरडत नाही एवढंच.

अंडेकरी :
ब्लेडचा वाद चालू द्या, मला त्या दुसऱ्या कोंबडीचा ठिपका जास्त महत्त्वाचा वाटतो. हे सर्दीसारखं एकीकडून दुसरीकडे जात नाही. बहुतेक वेळा यामागे स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू असतो, आणि तो कातडीवर, भुशात, सगळीकडे असतोच. कातडी फाटली, घासली, भिजून मऊ पडली की आत शिरतो. दोघींचे तळवे बिघडलेत म्हणजे दोघींच्या पायाखाली काहीतरी सारखं आहे. रात्री बसतात ती दांडी कशाची आहे? किती उंच? उतरतात कशावर?

धागाकर्ती :
दांडी लोखंडी नळीची, गोल, साधारण माझ्या खांद्याइतकी उंच. खाली फरशी, त्यावर पातळसा भुसा. पाण्याचं भांडं शेजारीच आहे, त्यामुळे तो कोपरा बहुतेक ओला असतो.

अंडेकरी :
मग उत्तर तिथेच आहे. जड कोंबडी रोज सकाळी खांद्याच्या उंचीवरून फरशीवर आदळते, आणि रात्रभर बारीक गोल नळीवर सगळा भार गादीच्या एकाच ठिकाणी येतो. त्यात ओला भुसा. आज पाय बरा केलात तरी उद्या तीच उडी आहे.

लाकडी पट्टी लावा, पाच ते दहा सेंटिमीटर रुंद, सपाट, कडा तासून गोल केलेल्या. कुसळं, खिळे राहू देऊ नका. उंची गुडघ्याच्या आसपास ठेवा. त्याहून उंच हवीच असेल तर चढउतारासाठी फळी तिरकी टाका. खाली कोरडा भुसा जाड थरात, आणि पाण्याचं भांडं तिथून हलवा. तांबडीला मका नि दाणे भरपूर मिळत असतील तर आवरा, वजन हे इथे निम्मं दुखणं असतं. हिरवा पाला वाढवा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तळव्याची कातडी लवकर खराब होते.

ठिपकेवालीला सध्या फक्त कोरडी जागा आणि नवी दांडी द्या. नुसता ठिपका असेल, सूज नसेल, तर तो खरवडू नका.

पंखफडफड :
मी पशुवैद्यक आहे, पण तुमच्या कोंबडीला पाहिलेलं नाही, तेव्हा हे ढोबळ समजा. बोटांच्या मधला भाग सुजलाय का, सूज वर घोट्याकडे चढतेय का, पाय पूर्ण उचलून धरते का? यातलं एक जरी असेल तर घरगुती उपाय थांबवा. तेव्हा संसर्ग सांध्यात किंवा हाडात गेलेला असू शकतो, एक्स-रे काढावा लागतो. दोन्ही पायांचे सांधे सुजले असतील तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गासारखी वेगळी कारणंही तपासावी लागतात.

वारंवार उलटणाऱ्या गाठीत अंदाजाने अँटिबायोटिक नको. आतला नमुना घेऊन कोणता जिवाणू आहे नि कोणतं औषध लागू पडतं, हे प्रयोगशाळेत पाहता येतं. शिवाय घट्ट गुठळीच्या आत औषध नीट पोचतच नाही, आधी ती काढावी लागते. एन्रोफ्लॉक्सासिनबद्दल: औषधाला न जुमानणारे (प्रतिरोधी) जिवाणू माणसांपर्यंत पोचतात म्हणून अमेरिकेने कोंबड्यांसाठी ते २००५ सालीच बंद केलं. ओळखीतल्याच्या सांगण्यावरून पाण्यात टाकायचं औषध ते नव्हे.

पक्ष्यांवर उपचार करणारा दुसरा डॉक्टर शोधा. कोंबडी आहे म्हणून नाही म्हणणारे सगळेच नसतात. आणि हातमोजे घाला, हा जिवाणू तुमच्या हातावरच्या ओरखड्यातही शिरतो.

धागाकर्ती :
बोटांच्या मध्ये सूज नाही, घोटा दोन्हीकडे सारखाच आहे. आज पाय बुडवल्यावर खपलीची कड उचलली, तर खाली पिवळट, कडक काहीतरी दिसलं. हललं, पण सुटलं नाही. तसंच सोडून पट्टी केली. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. दांडी आजच उतरवली, लाकडी पट्टी तासायला दिलीय, तोवर तांबडी खोक्यात कोरड्या भुशावर वेगळी ठेवलीय. बाकीच्या कोंबड्या तिच्या पायाच्या पट्टीवर चोच मारत होत्या.

दोन शंका. पायाची पट्टी किती घट्ट बांधायची? आणि डॉक्टरांनी औषध दिलं तर अंड्यांचं काय?

जुनं_खुराडं :
सुटलं नाही तर ओढलं नाहीत, उत्तम. पट्टी बोटांच्या मधून घेऊन घोट्याच्या खालीच संपवा. तासाभराने बोटं बघा. गार पडली, फुगली किंवा रंग बदलला तर सोडून सैल बांधा. रोज किंवा एकाआड एक दिवस बदला, भिजली तर लगेच. आणि पट्टी करताना टॉवेलात गुंडाळा पण छाती आवळू नका. कोंबडीला श्वासपटल (छाती नि पोटामधला स्नायूचा पडदा) नसतं, छातीचं हाड हललं तरच तिला श्वास घेता येतो. पाठीवर फार वेळ उताणी ठेवू नका. पाय लगेच भरून येत नाही, काही आठवडे धरून चाला.

पंखफडफड :
अंड्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा की ही अंडी घरात खाल्ली जातात. काही औषधं अंडी देणाऱ्या कोंबडीला चालतच नाहीत. चालणारं दिलं तर औषध सुरू असताना, आणि थांबल्यावर ते सांगतील तितके दिवस, तिची अंडी फेकून द्यायची. बाकीच्या कोंबड्यांनाही घालायची नाहीत. तिला वेगळी ठेवलीच आहे, त्यामुळे कोणतं अंडं कुणाचं हा घोळ होणार नाही.