मदत हवी आहे: गॅस्प्राचा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) दोन रात्री जुळत नाही

मंडळी, यवतेश्वर पठारावरून ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), फिल्टरविना मोनो कॅमेरा, १२० सेकंदांच्या फ्रेम, डार्क-फ्लॅट (कॅमेरा-दुर्बिणीचे दोष काढणाऱ्या फ्रेम) लावलेले. लघुग्रह ९५१ गॅस्प्रा. परिवलनकाळ ७.०४ तास, म्हणजे दिवसाला ३.४ फेऱ्या, त्यामुळे दुसऱ्या रात्री वेगळा भाग दिसणारच. पण सामाईक भागातही ०.०८ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप) फरक उरतो. लघुग्रह साताऱ्याच्या उजेडावर, क्षितिजापासून ३० अंशांखाली असला की वक्र हमखास तिरका. संशय तुलना-ताऱ्यांवर (ज्यांच्याशी लघुग्रहाचे तेज ताडतो ते तारे): निळे तारे क्षितिजाजवळ जास्त मंदावतात, गॅस्प्रा तर खडकाळ एस-प्रकारचा, किंचित तांबूस. बी-व्ही (ताऱ्याच्या रंगाचा आकडा) ०.६ ते ०.९ मधलेच तारे घ्यावेत, की आर (लाल) फिल्टर लावून प्रकाश गमवावा? शिवाय लघुग्रह सरकल्याने रोज तुलना-तारे बदलतात. शून्यबिंदू (तेजमापनाचा पाया) कोणत्या तारा-कॅटलॉगवरून जुळवता?