गंजगोलाईतल्या फ्लेक्सवर 'रोझा वन' फॉन्ट शोभेल का?

अक्षरवेडा, लातूर
क्लासेसचे फ्लेक्स बघा. सगळीकडे तीच फुगीर अक्षरं, पिवळी बॉर्डर, मागं काळी सावली. आपल्या लातूरच्या बाजारातल्या या गोलाईला सोळा रस्ते मिळतात, पण कुठल्याही रस्त्यावरून बघितलं तरी फ्लेक्स एकच वाटतो. माझं म्हणणं, मथळ्याला 'रोझा वन' घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ चा, फुकट. जाड रेघ भरभक्कम, बारीक रेघ केसाएवढी. त्यातली इंग्रजी अक्षरं 'फॅट फेस' जातीची आहेत. ही जात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात जाहिरातींसाठीच निघाली. म्हणजे फॉन्ट जन्मानंच भिंतीवरचा आहे.

फ्लेक्सवाला
राव, भिंतीवरचा असेल, पण आमच्या मशीनवरचा नाही. लाल पट्ट्यावर पांढरी अक्षरं मागतात लोक. त्यात बारीक रेघ शाईनं भरून जाते. बॉर्डर दिली की तीच बॉर्डर रेघ गिळते. गाडीवर चिकटवायच्या रेडियम स्टिकरचं तर विचारूच नका, प्लॉटरनं कापल्यावर नको तो भाग सोलताना केसाएवढी रेघ सोबतच निघून येते. गाडीवर नाव लावायचं का नुसते काने?

अक्षरवेडा, लातूर
मग बॉर्डर देताच कशाला? साधी एकरंगी जमीन, दोन शब्द, दोन फुटांची अक्षरं. बारीक रेघसुद्धा मग बोटाएवढी होते.

बोरूबहाद्दर, नांदेड
दोघांनाही विरोध. जाड-बारीक आपल्याला नवं नाही, पोथ्यांत तेच आहे. पण तिथं ते बोरूच्या तिरक्या कापातून आपोआप उतरतं. इथं रोमन अक्षराशी जोडी लावायला ताणून वाढवलंय असं मला वाटतं. दिसायला रुबाबदार, कबूल. पण वेलांटी, रफार, अनुस्वार लांबून ओळखू आले पाहिजेत. 'अंक' चा 'अक' झाला तर निकालाचा फ्लेक्स कोण वाचणार?

परभणीकर
पत्रिकेच्या बारीक मजकुराला तर चुकूनही नको. 'रोझा वन'ला वजन (म्हणजे अक्षराची जाडी) एकच, ना हलकं ना मध्यम. मी पत्ता-वेळेला 'मुक्ता' घेतो, त्यात सात वजनं आहेत. आणि कुठलाही फॉन्ट घ्या, आधी 'ल' आणि 'श' टाइप करून बघा, मराठी वळणाचे येतात का हिंदी. लातूरच्या फ्लेक्सवर हिंदी 'ल' बघून माझं डोकं फिरतं (लोकांना फरक पडत नाही म्हणा).

फ्लेक्सवाला
अजून एक. दुकानात डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं कोरल आहे, सगळं काम श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत. 'रोझा वन'सारखा युनिकोड फॉन्ट टाकला की जोडाक्षरं तुटतात, तासभर हातानं जुळवत बसा. त्याचे पैसे गिऱ्हाईक देतं का?

अक्षरवेडा, लातूर
हे मात्र खरं. मथळा दुसरीकडं करून चित्र म्हणून आणला तर?

फ्लेक्सवाला
तसं आणा, छापून देतो. पण मथळ्याखाली वीस जणांचे फोटो अन् शुभेच्छुकांची यादी असेल, तर तुमची केसाएवढी रेघ घरीच ठेवा.