पाचवा महिना, एचआर राजीनामा मागतेय. सल्ला हवाय

चाकणकर_सून:
पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, कॉन्ट्रॅक्टवर, तीन वर्षं. दिवस गेल्याचं सांगितलं तर एचआर मॅडम म्हणतात, "आत्ता राजीनामा दे, बाळ झालं की परत घेऊ." तारीख एप्रिलची, कॉन्ट्रॅक्ट संपतंय मार्चला. आठ तास उभं राहायचं, स्टूल मागितलं तर सुपरवायझर हसतो. सासूबाई म्हणतात, सोड कटकट. पुण्यात चांगला वकील सुचवा.

रिकामटेकडी_आत्या:
सही करू नकोस गं. "परत घेऊ" लिहून मागून बघ, देतात का!

पगारपत्रक:
ताई, राजीनामा दिलात की 'ती स्वतःच गेली' म्हणायला ते मोकळे. गरोदर आहे म्हणून काढलं तर कायदा तुमच्या बाजूने. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण मूळ हिशोब तोच: आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले ८ आठवडे आधी घेता येतात. कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर २०२३ मध्ये डॉ. कविता यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुदत संपली तरी लाभ संपत नाही.
पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का?

चाकणकर_सून:
हो, कापतात. ठेकेदाराच्या नावाने.

पगारपत्रक:
मग रजेचे पैसे ईएसआय महामंडळ देणार, यांच्या खिशाला चाटही नाही! मॅडमना बहुतेक हेच माहीत नसतं. मागच्या दोन अंशदान काळांत (हप्ता कापायचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवस भरलेत का, तेवढं बघा.

दोन_लेकरांची:
सगळं लेखी दे. तारीख, डॉक्टरांचा दाखला, रजा कधीपासून. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि सही घे. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने धाड, एक प्रत ठेकेदारालाही. मेल केलीस तर स्वतःच्या जीमेलवरून. ऑफिसचा आयडी ते कधी बंद करतील, नेम नाही. स्टूलचंही त्याच पत्रात घाल. शेवटच्या अडीचेक महिन्यांत फार वेळ उभं राहायचं काम नको म्हणायचा हक्क आहे, पण मागावा लागतो.
वकिलाला आत्ताच पैसे घालू नकोस. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

रिकामटेकडी_आत्या:
आणि सासूबाईंना २६ आठवड्यांच्या पगाराचा आकडा सांग.