मदत हवी आहे: सतरा वर्षांचे कचेरीतील काम आत्मस्तुती न करता लिंक्डइनवर कसे मांडावे?

माहुलीकर:

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी २००८ पासून लेखा विभागात काम करते. कारखाना वाहनांचे सुटे भाग बनवतो. माझी नोकरी अजून तेथेच असल्याने त्याचे नाव येथे लिहीत नाही. मागील महिन्यात वरिष्ठांनी आम्हा सर्वांना बोलावून सांगितले की, लेखा आणि खरेदी या दोन्ही विभागांचे काम टप्प्याटप्प्याने पुण्याच्या मुख्य कचेरीत जाईल. आमच्यापैकी किती जणांना तिकडे सामावून घेणार, याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मुलगी यंदा नववीत आहे, सासूबाईंना एकटे ठेवता येत नाही, त्यामुळे पुण्याचा विचार करणे मला शक्य नाही. सातारा, वाई, आणि कंपनीची बस मिळत असेल तर खंबाटकी ओलांडून शिरवळ, एवढ्याच टापूत नवी नोकरी शोधायची असे घरात ठरले आहे.

अडचण अशी की, सतरा वर्षांत मी कोठेही अर्ज केलेला नाही. ही नोकरी लागली तेव्हा मामांनी कोणाच्या तरी कानावर घातले, मी दोन पानी टंकलिखित बायोडाटा नेऊन दिला आणि पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाले. आता भाचा म्हणतो, ‘मामी, लोक आधी तुझे नाव गूगलवर शोधतील आणि मग बायोडाटा उघडतील.’ म्हणून मी स्वतःचे नाव शोधून पाहिले. सर्वांत वर माझ्याच नावाच्या परगावच्या एक दंतवैद्य बाई दिसल्या, आणि बरेच खाली गेल्यावर एका जुन्या रांगोळी स्पर्धेच्या निकालात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेली मी. इंटरनेटच्या लेखी माझी कमाई एवढीच आहे.

भाच्याने लिंक्डइनवर खाते उघडून दिले. नावाखालची ओळ त्या संकेतस्थळाने स्वतःच भरली: ‘सीनियर असिस्टंट, अकाउंट्स’ आणि पुढे कंपनीचे नाव. हुद्दा खरा आहे, पण त्यातून माझ्या कामाचे काहीच कळत नाही. मी आले तेव्हा व्हॅट आणि उत्पादन शुल्काचे दिवस होते आणि ग्राहकांकडून सी फॉर्म (परराज्यातील विक्रीला सवलतीचा कर लागावा म्हणून लागणारा) मिळवण्यासाठी फोनवर फोन करावे लागत. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा जुन्या करांची शिल्लक जमा नव्या व्यवस्थेत आणण्यासाठीचा ट्रान-१ फॉर्म आमच्याकडे मी भरला. माल वाहून नेताना सोबत लागणारे ऑनलाइन ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ पासून सुरू व्हायचे होते, पण पहिल्याच दिवशी पोर्टल बसले आणि ते १ एप्रिलवर गेले. त्या दिवशी फाटकाशी उभ्या ट्रकांचे चालक आणि गोठलेला संगणक यांच्यामध्ये मी उभी होते. १ एप्रिल २०२२ पासून २० कोटींवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक झाले, त्यात आमचा कारखाना आला आणि त्याची जुळवाजुळव मी आणि संगणक विभागातील एका मुलाने केली.

सगळ्यात जास्त समाधान ज्या कामाने दिले ते तर अगदीच न दिसणारे आहे. १ जानेवारी २०२२ पासून जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टल दर महिन्याला काढते त्या तक्त्यात, जेवढे दिसेल तेवढ्याच कराची जमा (आपल्या देय करातून वजावट) घेता येते, म्हणजे पुरवठादाराने विवरण भरले नाही तर आपण त्याला दिलेला कर आपल्याच गळ्यात पडतो. मासिक विवरण भरणाऱ्यांची मुदत ११ तारखेला संपते आणि २बी १४ तारखेला तयार होते. म्हणून मी प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेलाच बेफिकीर पुरवठादारांची यादी काढून त्यांना फोन करायची पद्धत बसवली. वर्षभरात अडकलेली जमा जवळजवळ संपली. या गोष्टीला कोणी प्रमाणपत्र देत नाही आणि तिचा फोटोही काढता येत नाही.

हे सर्व लिहायला बसले की हात थांबतो. सज्जनगडाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला आत्मस्तुती हे मूर्खाचे लक्षण असल्याचे लहानपणीच ऐकवलेले असते. तरीही ‘अबाउट’च्या रकान्यात ‘हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड प्रोफेशनल’ अशी सुरुवात करून इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी वाचल्या, तर त्या ओळी माझ्या, भाच्याच्या किंवा त्या दंतवैद्य बाईंच्या नावावरही सहज खपल्या असत्या.

यात भीतीचाही भाग आहे. मागच्या वर्षी आमच्या एका सहकाऱ्याने फोटोभोवती नोकरी शोधत असल्याची हिरवी कड लावली, तर साहेबांनी बैठकीत सर्वांदेखत ‘मग, निघालात वाटते?’ असे विचारले. पुढे त्याला वेतनवाढ अगदी नाममात्र मिळाली. दोन्ही गोष्टींचा संबंध होता की नाही हे देव जाणे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, कंपनीची गुपिते न फोडता कामाचा आवाका आकड्यांत कसा दाखवावा, ही माहिती मराठीत लिहावी की इंग्रजीत, आणि सध्याच्या कचेरीत बोभाटा न होता हे सारे कसे जमवावे. ‘पर्सनल ब्रँडिंग’ शिकवणाऱ्या एका वर्गाने माझ्याकडे पंधरा हजार रुपये मागितले आहेत. ते द्यावेत का, हेही सांगावे.

---

कराडकर पुण्यात:

माहुलीकर ताई, मी पुण्यात नोकरभरतीचे काम करतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते तेवढे सांगतो. पंधरा हजार रुपये मुलीच्या दहावीसाठी ठेवा.

पहिले काम सेटिंग्जमध्ये आहे आणि ते मजकुराला हात लावण्याआधी करायचे आहे. प्रोफाइलमधील बदल ओळखीच्या लोकांना कळवण्याची जी सोय असते ती बंद करा, नाहीतर एका संध्याकाळी केलेले बदल तुमच्या साहेबांच्या पडद्यावर जाऊन पोचतील. नोकरी शोधत असल्याचे सांगण्याचे दोन पर्याय असतात. एकात हिरवी कड सर्वांना दिसते, दुसऱ्यात ही गोष्ट फक्त भरती करणाऱ्यांना कळते. दुसरा निवडा. आपल्याच कंपनीच्या भरती करणाऱ्यांपासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, परंतु पूर्ण हमी देत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तेवढी जोखीम गृहीत धरा. नौकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपले प्रोफाइल दिसू नये अशी व्यवस्था करता येते. तेथे सध्याच्या कंपनीचे नाव आधी घाला. त्या संकेतस्थळावर ताजे प्रोफाइल वर येते, म्हणून आठवड्यातून एकदा काहीतरी छोटी दुरुस्ती करत राहा.

आता भाषेविषयी. लिंक्डइन हल्ली मराठीतूनही वापरता येते, पण माणूस शोधताना आम्ही रोमन अक्षरांतच टंकतो. ‘हार्डवर्किंग’ हा शब्द मी आजवर एकदाही शोधलेला नाही. मी शोधतो तो जीएसटीआर-२बी, ई-इनव्हॉइस, टॅली, रिकन्सिलिएशन आणि सातारा. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरे मिळतात आणि तुमची त्यातली थोडीच हुद्द्यात आणि कंपनीच्या नावात गेली आहेत, बाकीची रिकामीच आहेत. ती ओळ स्वतः लिहा आणि तुम्ही कोणते काम करता ते तेथे मांडा. ‘अबाउट’ला २६०० अक्षरांची जागा असली, तरी उघडण्याआधी पहिल्या काही ओळीच दिसतात; तुमच्या पाच तारखेच्या फोनांची हकीकत तेथे पहिल्या वाक्यात आली पाहिजे. धाग्यात तुम्ही ती जशी सांगितलीत तशीच, साधी. मला ती वाचताक्षणी कळले की या बाईंना काम येते.

एक इशारा. नोकरीच्या तारखा भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यातील तारखांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, कारण पडताळणी करणाऱ्या संस्था तेथेच पाहतात. आणि नोकरी देतो म्हणून कोणी ‘नोंदणी शुल्क’ मागितले, तर त्याला एक पैसाही देऊ नका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा, उशीर केला तर पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

---

कृष्णाकाठ:

मी सांगलीत एका लेखापरीक्षकांच्या कचेरीत आहे. गुपितांच्या प्रश्नावर माझे मत थोडे कडक आहे. रुपयांतला कोणताही आकडा, ग्राहकाचे किंवा पुरवठादाराचे नाव, आणि पडद्याचा फोटो, मग त्यावर कितीही काळ्या पट्ट्या मारलेल्या असोत, या तीन गोष्टी कारखान्याच्या आहेत, आपल्या नव्हेत. आपला असतो तो वेळ आणि पद्धत. महिनाअखेरीची जुळणी पूर्वी किती दिवस चाले आणि आता किती चालते, किती जणांना आपण हे काम शिकवले, एकही विवरण उशिरा न जाता सलग किती वर्षे गेली. हे आकडे सांगितल्याने कोणाचे काही उघडे पडत नाही, आणि मुलाखतीत त्यावर उलटसुलट विचारले तरी उत्तर आपल्याजवळच असते.

आपण धाग्यात ‘जवळजवळ संपली’ असे लिहिले आहे. लेखा विभागातील माणसाने ‘जवळजवळ’ म्हटले की मी पुढचा प्रश्न विचारतो. वर्षाच्या सुरुवातीला किती बिले २बी मध्ये सापडत नव्हती आणि अखेरीस किती, हे बिलांच्या संख्येत शंभरामागे किती असे मांडा.

लेखन करायचे असेल तर कंपनीवर लिहू नका, कायद्यावर लिहा. उदाहरणार्थ, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात, आणि मुदत चुकली तर १९६१च्या आयकर कायद्याच्या ४३ब (एच) कलमामुळे तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळू लागला. हे आमच्याकडे हळदीच्या पेठेपासून कुपवाडच्या कारखान्यांपर्यंत सर्वांना भोवले. पुरवठादार या व्याख्येत बसतो की नाही हे आपण कसे तपासता, एवढ्यावर दोनशे शब्द मराठीत लिहिले तरी वाचणारे पुष्कळ मिळतील. महिन्यातून एक लेख पुरे.

---

पोवई नाका:

वरील दोघांचा अनुभव मोठा आहे, तरी साताऱ्यापुरते माझे मत वेगळे आहे. येथे अजूनही लेखनिकाची जागा रिकामी झाली की मालक आधी आपल्या सीएला फोन करतो. ताईंनी लिंक्डइनवर रात्री जागवण्यापेक्षा त्यांच्या ओळखीच्या चार कर सल्लागारांना एकेक भेट द्यावी. भाचा म्हणतो तेही खोटे नाही, कारण सीएने नाव सांगितल्यावर मालकाचा मुलगा ते मोबाइलवर टाकून पाहतोच. तेव्हा प्रोफाइल असावे, पण ओळखीने निघालेले नाव पक्के करण्यापुरते. शिरवळच्या मोठ्या कंपन्यांचे गणित निराळे आहे, तेथे कराडकर सांगतात तसेच चालते.

आणि आत्मस्तुतीचे म्हणाल तर राजवाड्याकडच्या कंदी पेढ्यांच्या दुकानांवर पाटी असते, तिला कोणी बढाई म्हणत नाही. पेढा मात्र पाटीवर लिहिलेलाच मिळायला हवा.

---

माहुलीकर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री आधी सूचना बंद केल्या, कंपनीचे नाव नौकरी डॉट कॉमवर घातले आणि यूएएनवरील तारखा पाहिल्या. बरे झाले पाहिल्या, कारण तेथे माझी रुजू होण्याची तारीख तीन महिने उशिराची निघाली. परिवीक्षेच्या काळात निधी कापलाच नव्हता. नियुक्तिपत्र मात्र कपाटात सापडले.

कृष्णाकाठ यांचा टोला योग्य होता. जुन्या नोंदी काढून मोजले: जानेवारी २०२२ मध्ये शंभरातली अकरा बिले २बी मध्ये सापडत नव्हती आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दोन. म्हणजे जमा ‘जवळजवळ संपली’ नव्हती, दोनवर आली होती. नावाखालची ओळ आता इंग्रजीत लिहिली आहे, तिचा मराठी अर्थ असा: ‘जीएसटी जुळणी, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल, उत्पादन कारखान्यात १७ वर्षे, २बी मध्ये न सापडणारी बिले वर्षभरात शंभरामागे ११ वरून २ वर, सातारा.’

एवढे वाचून मला संकोच वाटला नाही, हे नवलच म्हणायचे. एक शंका उरली आहे. माझा हुद्दा ‘सीनियर असिस्टंट’ असला तरी गेली सहा वर्षे मी तिघांचे काम पाहते. अनुभवाच्या रकान्यात हुद्दा ‘टीम लीड’ असा लिहिला तर चालेल का?

---

कराडकर पुण्यात:

नको, ताई. हुद्दा नियुक्तिपत्रात आहे तोच ठेवा, कारण पडताळणीत पहिली गाठ तेथेच पडते. त्याखालच्या पहिल्या ओळीत ‘सहा वर्षे तीन सहकाऱ्यांचे काम पाहते’ असे लिहा, ते कोणी खोडू शकणार नाही. आणि यूएएनवरच्या तारखेतील फरक मुलाखतीत त्यांनी विचारण्याआधी आपणहून सांगा, नियुक्तिपत्राची प्रत सोबत न्या.