प्रोजेक्टच्या तासाला ग्रंथपाल वर्गात हवेत की नकोत?

खडूफळा:
नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या दुसऱ्या वर्षालाच फील्ड प्रोजेक्ट आलाय. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर १२ क्रेडिटचा शोधप्रकल्प. मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. 'आपल्या गावचा बाजार' असा विषय दिला की पोरं गुगलचं पहिलं पान उतरवून आणतात. हल्ली तर चॅटजीपीटीने रचलेली, कुणी कधी न लिहिलेली पुस्तकं संदर्भसूचीत दिसतात. आणि जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आमच्याच ग्रंथालयात धूळ खात पडलेलं.

ग्रंथालयाची ओळख वर्षाच्या सुरुवातीला करून देतात म्हणे. पोरांना रांगेने फिरवायचं, ओपॅक (पुस्तकं शोधायची संगणकावरची यादी) दाखवायचं, फोटो काढायचा. पण तेव्हा त्यांना काही शोधायचंच नसतं, मग लक्षात काय राहणार? विषय ठरला की त्याच आठवड्यात दोन तास शिक्षक आणि ग्रंथपालांनी एकत्र घ्यावेत. शिवाय काही गुण शोधाच्या नोंदवहीला ठेवावेत: कोणते शब्द टाकून शोधलं, काय मिळालं, त्यातलं काय बाजूला ठेवलं आणि का. हे गुण दोघांनी मिळून द्यायचे.

परिग्रहण:
मी ग्रंथपाल. कल्पना गोड आहे, पण सहायक निवृत्त झाल्यावर ती जागा भरलेली नाही. पुस्तकांची देवघेव मीच बघतो, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) फाईलही माझ्याच टेबलावर. विद्यापीठ कायद्यात ग्रंथालयाचं 'ज्ञानस्रोत केंद्र' झालं, काउंटरवरचा माणूस मात्र एकच. वेतनश्रेणी शिक्षकाची, वागणूक कारकुनाची. तुमचे दोन तास माझ्या वर्कलोडमध्ये धरणार आहे का कुणी?

मुद्देसूद:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. शोधणं विषयापासून तोडता येत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. दोन पाहण्यांमध्ये बेरोजगारीची व्याख्या वेगळी असेल तर त्यांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, हे ग्रंथपाल कसं सांगणार? ते शिक्षकाचं काम आहे, आणि आपण ते टाळतो म्हणून ही वेळ आली.

ग्रंथालयाकडे दिलेल्या कामाचं काय होतं तेही पाहिलंय. प्रकल्पातला मजकूर दुसरीकडून उचललाय का, हे सॉफ्टवेअरने तपासून साम्याचा अहवाल ग्रंथालय देतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. झालं! वाङ्मयचौर्य म्हणजे काय हे राहिलं बाजूला, शब्द फिरवून टक्का कसा खाली आणायचा एवढंच पोरं शिकली.

खडूफळा:
@मुद्देसूद, टक्क्यांचं पटलं. पण तो साम्याचा अहवाल शिक्षकाने विद्यार्थ्याशेजारी बसून वाचला असता तर? अहवाल ग्रंथालयात आणि मार्गदर्शक स्टाफरूममध्ये, असं झालं की टक्काच उरतो.

आणि विषय येतो म्हणजे साधनं माहीत असतात असं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीशिक्षणावर एका मुलीचा प्रोजेक्ट होता. मी नेहमीची चार नावं सांगितली असती. ग्रंथपालबाईंनी शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची पुढे ठेवली, १८०० ते १९३७ मध्ये छापलेल्या मराठी पुस्तकांची यादी. मी कधी ऐकलीही नव्हती अशी पुस्तकं तीत निघाली. त्यातलं कोणतं कामाचं, ते मग मी सांगितलं.

बॅकबेंचर:
सर लोकहो, एक विद्यार्थी बोलतोय. आमच्याकडे कपाटं बंद असतात, चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागायचं. नावच माहीत नसेल तर? गॅझेटियर सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे हे मला यूट्यूबवर कळलं, कॉलेजात नाही. संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणारी केंद्राची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना २०२५ पासून सुरू झाली, सुमारे १३,००० नियतकालिकं, पण सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज विनाअनुदानित, म्हणजे आम्ही बाहेर. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडीचे प्रबंध खुले आहेत, पण त्यातला कोणता बरा हे ओळखायचं कसं? हे कुणीही शिकवा. तास कुणाचा, याने आम्हाला फरक पडत नाही.

मुद्देसूद:
सूचीचं उदाहरण चांगलं आहे. पण अशा बाई किती कॉलेजांत आहेत? एका चांगल्या माणसावर योजना उभी करू नका. आणि सीएचबीवरच्या (तासिका तत्त्वावरच्या) प्राध्यापकाला तासाचे पैसे मिळतात. ग्रंथपालांसोबत बसून तयारी करायचे त्याला कोण देणार?

परिग्रहण:
@बॅकबेंचर, बंद कपाटांचं मान्य. आमच्याकडे पुस्तक हरवलं की वसुली ग्रंथपालाकडून, म्हणून कुलूप.

@खडूफळा, गुण दोघांनी द्यायचे तर गुणपत्रकावर सही दोघांची हवी. प्राचार्यांकडून ते दोन तास माझ्या नावासह वेळापत्रकात छापून आणा. सकाळचे ठेवा, दुपारी देवघेव असते.